‘लोक काय म्हणतील’ला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात?

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली जॅक्सन हाइट्स ही वस्ती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्या मराठी माणसाला वेगळी सांगायला नको. सबवेतून उतरायचं, ७४व्या रस्त्यावर कढीपत्ता आणि तूरडाळ घ्यायची, आंब्याच्या पेटीचा भाव विचारून हळहळायचं, डोसा खायचा आणि परत. पण त्याच स्टेशनातून रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूच्या अंगाला वळलं की दुनिया बदलते. डोक्यावरून ७ नंबरची गाडी खडखडत जाते. खाली कोलंबियन बेकऱ्या, टाकोच्या गाड्या, गावी पैसे पाठवायची दुकानं आणि त्यांच्याच रांगेत स्पॅनिश बोलणाऱ्या समलिंगी पुरुषांचे बार.

एकाच जिन्याने उतरणाऱ्या या दोन गर्द्या एकमेकींना फारशा ओळखत नाहीत. पण एक भीती दोघींच्या सामानात असते. आपण म्हणतो, ‘लोक काय म्हणतील’. स्पॅनिशमध्ये म्हणतात ‘एल के दिरान’. शब्दशः तेच. फरक इतकाच की स्पॅनिशने त्या प्रश्नाला उपपद जोडून त्याचं चक्क नाम करून टाकलंय. जसं ऊन, जसा दमा, तसा ‘काय-म्हणतील’. तो घरात असतो, तो आडवा येतो, त्याला भिऊन माणसं जगतात.

अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकेत मुळं असलेल्या, समलिंगी पुरुषांसाठी एचआयव्ही रोखण्याचे जे कार्यक्रम गेली तीसेक वर्षं चालले आहेत, त्यांना मुख्यतः या ‘काय-म्हणतील’शी झुंजावं लागलं. विषाणूचा नंबर त्यानंतरचा. हे कार्यक्रम नेमकं काय करतात आणि नुसतं पत्रक स्पॅनिशमध्ये छापून का भागत नाही, ते समजून घेऊ.

आधी थोडे आकडे. अमेरिकेच्या २०२० च्या जनगणनेत लॅटिनो लोकसंख्या ६ कोटी २१ लाख भरली, म्हणजे देशाच्या पाचव्या हिश्शाला जरा कमी. सीडीसी या तिथल्या रोगनियंत्रण संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये देशात एचआयव्हीच्या सुमारे ३१,८०० नव्या लागणी झाल्या आणि त्यातल्या ३३ टक्के लॅटिनो लोकांमध्ये होत्या. २०१८ ते २०२२ या काळात एकूण नव्या लागणी १२ टक्क्यांनी उतरल्या. तरुणांमध्ये उतरल्या, कृष्णवर्णीयांमध्ये उतरल्या. लॅटिनो समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांचा आकडा मात्र जागचा हलला नाही.

आणि हे कधी? तर रोखण्याची साधनं कधी नव्हती इतकी चांगली असताना. कंडोम आहेच. बोटाला सुई टोचून काही मिनिटांत निकाल देणारी तपासणी आहे. ‘प्रेप’ आहे, म्हणजे लागण होऊ नये म्हणून निगेटिव्ह माणसाने आधीच घ्यायचं औषध. आणि ज्याला लागण झालीच आहे त्याने नियमित गोळ्या घेऊन रक्तातले विषाणू तपासणीत सापडणार नाहीत इतके खाली आणले, की त्याच्याकडून जोडीदाराला शारीरिक संबंधांतून लागण होत नाही. हे शेवटचं अनेकांना अजूनही खरं वाटत नाही, पण युरोपातल्या शेकडो जोडप्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून ते पडताळलेलं आहे. थोडक्यात, दुकानात माल भरपूर आहे, गिऱ्हाईक पायरी चढत नाही.

यावर सोपं उत्तर असं, की माहिती पोचलेली नाही, ती पोचवा. ऐंशीच्या दशकात तेच झालं. गोऱ्या समलिंगी पुरुषांसाठी इंग्रजीत लिहिलेली पत्रकं स्पॅनिशमध्ये उतरवली गेली.

आता स्पॅनिश ही एक भाषा आहे असं आपल्याला लांबून वाटतं. ‘कोखेर’ हे साधं क्रियापद घ्या. स्पेनमधला माणूस त्याचा अर्थ ‘घेणे, पकडणे’ असा करतो आणि बसही ‘कोखेर’ करतो. मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात तेच वाक्य म्हटलं तर ऐकणारा खो खो हसेल, कारण तिथे त्या क्रियापदाचा अर्थ थेट पलंगावरचा. कंडोमलाही मेक्सिकोत ‘कोन्दोन’, अर्जेंटिनात बोलीत ‘फोर्रो’. शिवाय ओआहाका किंवा ग्वातेमालाहून आलेल्या कित्येकांची मातृभाषा स्पॅनिश नसतेच. ती झापोतेक असते, एखादी माया भाषा असते, आणि स्पॅनिश ते शाळेत किंवा मजुरीवर शिकलेले असतात.

भाषांतराच्या या चुकांना हसताना मला माझीच एक फजिती आठवते. एका आरोग्यपत्रकाचं मराठी करताना मी ऐटीत ‘सुरक्षित लैंगिक संबंध’ असं लिहून दिलं होतं. ते वाचून एका ट्रक ड्रायव्हरने प्रामाणिकपणे विचारलं, ‘सुरक्षित म्हंजे दाराला कडी लावून ना?’ त्याच्या जगात धोका पोलिसांचा होता, पाहणाऱ्याचा होता. माझ्या पत्रकाने त्याला कडी लावायला शिकवली!

पेद्रो झामोरा या तरुणाने हीच गोष्ट फार नेमकी मांडली होती. क्युबात जन्मलेला पेद्रो आठ वर्षांचा असताना १९८० च्या मारिएल स्थलांतरात बोटीतून फ्लोरिडाला आला. शाळेत असताना रक्तदान केलं, आणि त्यातून सतराव्या वर्षी आपल्याला एचआयव्ही असल्याचं त्याला कळलं. पुढे तो मायामीच्या शाळाशाळांतून बोलत फिरला. १९९३ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देताना त्याच्या म्हणण्याचा आशय असा होता: माझ्यासारख्या, गोऱ्या नसलेल्या तरुण समलिंगी मुलापर्यंत पोचायचं असेल, तर मला कळेल, मला माझी वाटेल अशा भाषेत आणि शब्दांत सांगा. वर्षभराने तो एमटीव्हीच्या एका रिअ‍ॅलिटी शोमध्ये दिसला आणि लॅटिनो, समलिंगी आणि एचआयव्हीसह जगणारा असा एक चेहरा अमेरिकेच्या दिवाणखान्यांत पोचला. ११ नोव्हेंबर १९९४ ला तो गेला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. शोचा शेवटचा भाग आदल्याच दिवशी प्रक्षेपित झाला होता.

त्याच सुमाराला सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात, म्हणजे शहराच्या लॅटिनो वस्तीत, दोन गोष्टी आकाराला येत होत्या. १९९३ मध्ये तिथे ‘प्रोयेक्तो कोन्त्रासिदा पोर विदा’ ही संस्था सुरू झाली. ‘सिदा’ म्हणजे एड्स आणि ‘पोर विदा’ म्हणजे जगण्यासाठी. तिची पोस्टरं लाजरीबुजरी नव्हती. ती रंगीत होती, वाह्यात होती आणि देखणीही. दुसरी गोष्ट म्हणजे मानसशास्त्रज्ञ राफाएल दिआस यांच्या कामातून उभा राहिलेला ‘एर्मानोस दे लुना इ सोल’, म्हणजे चंद्रसूर्याचे भाऊ, हा गटचर्चांचा कार्यक्रम.

दिआस यांचं म्हणणं त्या काळी डॉक्टरमंडळींना चमत्कारिक वाटावं असं होतं. या पुरुषांना कंडोम कसा वापरायचा हे माहीत आहे, असं ते म्हणत. वापरायचा त्यांचा इरादाही असतो. तरी ऐन वेळी तो वापरला जात नाही. मग माणूस बेजबाबदार आहे असं म्हणून मोकळं व्हायचं, की त्या वेळेआधीच्या वीस वर्षांकडे बघायचं? न्यूयॉर्क, मायामी आणि लॉस एंजेलिस या तीन शहरांतल्या ९१२ लॅटिनो समलिंगी आणि उभयलैंगिक पुरुषांच्या मुलाखतींतून दिआस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वीस वर्षं बाहेर काढली. २००१ मध्ये निष्कर्ष छापून आले. लहानपणी बायकी म्हणून हिणवलं जाणं, आपल्यामुळे घरच्यांची मान खाली गेली ही टोचणी, गे बारमध्ये गोऱ्या पुरुषांकडून मिळणारी वंशभेदाची वागणूक, आणि महिनाअखेरीला भाडं कुठून द्यायचं ही चिंता. हे ओझं ज्याच्यावर जितकं जास्त, तितकी मनाची पडझड जास्त. आणि अशी पडझड झालेली माणसंच धोक्याच्या प्रसंगांत जास्त अडकताना दिसत होती.

म्हणून मिशनमधल्या गटाच्या बैठकांत पहिला विषय विषाणू नसायचा. माणसं स्पॅनिशमध्ये गप्पा मारत. घर कसं सोडलं, इथे आल्यावर कोणी आधार दिला, एकटेपणात काय करतो, अशा गोष्टी निघत. अनुदान देणाऱ्या साहेबाला हा सगळा टाइमपास वाटण्याची शक्यता दाट आहे. पण औषध तिथेच होतं. ज्या माणसाने आयुष्यात कधी इतर दहा जणांसमोर ‘मी असा आहे’ हे वाक्य स्वतःच्या भाषेत उच्चारलेलं नाही, तो अंधाऱ्या खोलीत जोडीदाराला ‘थांब, आधी कंडोम’ हे कसं म्हणणार? बोलायची सवय आधी उजेडात लागावी लागते.

इथे एक गैरसमज मात्र टाळायला हवा. ‘लॅटिनो घरात गप्प बसवतात, गोऱ्यांच्या घरात मोकळेपणा असतो’ इतकं ते सरळ नाही. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या डोमिनिकन समलिंगी पुरुषांचा अभ्यास करणारे कार्लोस उलिसेस देसेना यांनी यासाठी व्याकरणातली एक सुंदर कल्पना वापरली आहे. स्पॅनिशमध्ये कर्ता गाळता येतो, क्रियापदाच्या रूपावरून तो कळतो. हे इंग्रजी माणसाला समजावून सांगावं लागतं. मराठी माणसाला नाही. ‘आलो’ म्हटलं की कोण आलं हे आपल्याला कळतं, ‘मी’ म्हणावंच लागत नाही. देसेना म्हणतात, या पुरुषांचं समलिंगी असणं घरात असंच असतं. आईला माहीत असतं, भावाला माहीत असतं, सणाला मुलाचा ‘मित्र’ जेवायला येतो, त्याच्या पानात जास्तीचा भात वाढला जातो. कोणी काही बोलत नाही आणि कोणी नाकारतही नाही.

या घरात जाऊन ‘आधी घरी खरं सांगून टाक, मगच तू मोकळा होशील’ असा अमेरिकन सल्ला देणं म्हणजे सगळ्यांनी सांभाळलेलं काचेचं भांडं फोडणं. स्पॅनिशमध्ये म्हण आहे, मळके कपडे घरातच धुवावेत. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची. या मुठीमुळे माणसं घराला धरून राहतात, हे खरं. त्याच मुठीमुळे पंचविशीच्या मुलाला प्रेपबद्दल विचारायला घरातलं कुणी नसतं, हेही तितकंच खरं. चांगला कार्यक्रम या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवतो. कुटुंबाला बांधून असणं, ज्याला तिकडे ‘फामिलिस्मो’ म्हणतात, त्याला तो शत्रू मानत नाही, उलट कामाला लावतो. २०१३ मध्ये सीडीसीने लॅटिनो समलिंगी पुरुषांसाठी तपासणीची मोहीम काढली तिचं नाव ‘राझोनेस’, म्हणजे कारणं. तुझं कारण कोणतं, असा प्रश्न. भीती दाखवण्याऐवजी माणसाला त्याची जवळची माणसं आठवून दिली होती.

मर्दानगीचंही तसंच. ‘माचिस्मो’ म्हटलं की मिशा आणि मारामारी डोळ्यांसमोर येते. पण अंथरुणात तिचे फार बारीक नियम असतात. लॅटिन अमेरिकेत पूर्वापार ‘आक्तिवो’ आणि ‘पासिवो’ अशी विभागणी चालत आली. जो करतो तो आक्तिवो, आणि तो स्वतःला समलिंगी मानत नसण्याची शक्यता बरीच असते. तो पुरुष, त्याला बायको असू शकते, त्याच्या मते हा सगळा दुसऱ्याचा प्रश्न. ‘गे पुरुषांसाठी मोफत तपासणी’ असा फलक लावला तर तो माणूस समोरून सरळ निघून जाईल, कारण फलकावर त्याचं नावच नाही.

मुंबईत काम केलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल, कारण आपल्याकडच्या ‘कोथी’ (पासिवो) आणि ‘पंथी’ची (आक्तिवो) हीच कहाणी आहे. पंथी स्वतःला गे म्हणवत नाही. म्हणून तर भारतात सरकारी कार्यक्रमांनी ओळखीपेक्षा कृतीवर बोट ठेवणारा ‘एमएसएम’ (पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष) हा रुक्ष शब्द उचलला, आणि १९९४ मध्ये स्थापन झालेल्या हमसफर ट्रस्टसारख्या संस्थांना बागांमधून आणि स्टेशनांवरून माणसं गाठावी लागली. दोन्ही भूमिका घेणाऱ्याला मेक्सिकोत ‘इन्तेर्नासिओनाल’ म्हणत, पेरूत ‘मोदेर्नो’, आणि मुंबईत ‘डबल डेकर’. बेस्टच्या बसला हा मान कुणी दिला माहीत नाही, पण तिघांत मला आपलाच शब्द सरस वाटतो.

आता एका कार्यक्रमाकडे जरा जवळून पाहू. जागा मोठ्या शहरातली नाही, नॉर्थ कॅरोलायना राज्यातली. तंबाखूची शेतं, कोंबड्यांचे कारखाने, बांधकामं, आणि नव्वदच्या दशकापासून त्या कामांवर आलेले मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले मजूर. इथे ना मिशनसारखी वस्ती, ना बारांची रांग. वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे स्कॉट र्‍होड्स आणि त्यांच्यासोबतचे स्थानिक लॅटिनो कार्यकर्ते यांनी आधी फुटबॉल संघ धरले. रविवारी मैदानावर जमणाऱ्या संघांतलाच एकेक खेळाडू तयार करायचा, त्याला म्हणायचं ‘नावेगान्ते’, म्हणजे वाट दाखवणारा खलाशी, आणि त्याने आपल्या पोरांशी बोलायचं. तो कार्यक्रम स्त्रियांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी होता. त्याच मुशीतून पुढे समलिंगी पुरुषांसाठी ‘ओला एन ग्रुपोस’ निघाला. ‘ओला’ म्हणजे नमस्कार, आणि त्याच चार रोमन अक्षरांतून (HOLA) ‘आधार आणि नेतृत्व देणारे पुरुष’ असं लांब नावही तयार होतं.

चार बैठका, सगळ्या स्पॅनिशमध्ये. कंडोमचा सराव होताच. पण त्याबरोबर, आरोग्य केंद्रात गेल्यावर काय होतं याचीही उजळणी होती. काउंटरवर काय विचारतात, तपासणीत काय करतात, तिथे जायचा आपल्याला हक्क आहे की नाही. वाचायला हे क्षुल्लक वाटेल. पण ज्याच्याकडे अमेरिकेत राहण्याचे कायदेशीर कागद नाहीत अशा माणसाची सगळी हिंमत काउंटरपलीकडच्या पहिल्या प्रश्नापाशी संपते. पुरुषाने कसं असावं, ‘नशिबात असेल ते होईल’ ही वृत्ती कुठून येते, जोडीदाराशी विषय कसा काढायचा, हे सगळं अभिनय करून, हसतखेळत.

आणि मग त्यांनी हुशारी केली. ३०४ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत विभागलं. एका गटाला ओला. दुसऱ्या गटालाही स्पॅनिशमधल्या तितक्याच बैठका, पण त्यांत कर्करोग, मधुमेह, कोलेस्टेरॉल असे विषय. असं का, तर नाहीतर कुणीही म्हणू शकलं असतं की एकट्या माणसांना चार वेळा एकत्र बसवलं, आपल्या भाषेत बोलायला मिळालं, म्हणून बरं वाटलं आणि ती सुधारली, त्यात कार्यक्रमाचं काय कर्तृत्व? आता सोबत दोघांनाही मिळाली, भाषा दोघांनाही मिळाली. तरी सहा महिन्यांनी ओलाच्या गटात एचआयव्ही तपासणी करून घेणारे आणि नेहमी कंडोम वापरणारे कितीतरी जास्त निघाले. २०१७ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘संस्कृतीनुसार घडवलेले कार्यक्रम’ हा शब्दप्रयोग ऐकून नाक मुरडणाऱ्यांना दाखवावा असा हा प्रयोग आहे.

अभ्यासकांच्या भाषेत इथे दोन थर मानतात. १९९९ मध्ये केन रेझ्निको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही मांडणी केली. वरचा थर म्हणजे भाषा, चेहरे, संगीत, खाणं, ठिकाण. खालचा थर म्हणजे माणूस आजाराकडे, घराकडे, देवाकडे, लाजेकडे कसा बघतो ते. माझ्या भाषेत सांगायचं तर रेडिमेड शर्ट अल्टर करून आणणं वेगळं आणि शिंप्याने टेप घेऊन माप घेणं वेगळं. पोस्टरवर सावळा चेहरा आणि मागे साल्साचं संगीत हे अल्टरेशन. बाही आखूड होते, खांदा तसाच उतरतो. वरच्या थरामुळे माणूस आत येतो, बसतो की नाही हे खालच्या थरावर ठरतं. वरचा थर चुकला तर मात्र तो आतही येत नाही. ‘लॅटिनेक्स’ हा शब्द बघा. ‘लॅटिनो’ पुरुष, ‘लॅटिना’ स्त्री, हा लिंगभेद टाळण्यासाठी विद्यापीठांतून निघालेला, हेतू उदात्त. पण प्यू या संशोधन संस्थेच्या २०२० मध्ये छापून आलेल्या पाहणीत तो स्वतःसाठी वापरणारे लॅटिनो अवघे ३ टक्के निघाले. स्पॅनिशमध्ये शेवटी ‘क्स’ उच्चारायला जीभ कुठे वळवायची हाच मुळात प्रश्न.

प्रेपच्या बाबतीत तर मला एक गोष्ट कायम अस्वस्थ करते. ही गोळी काम करते हे जगाला ज्या मोठ्या चाचणीने पहिल्यांदा दाखवलं, ती आयप्रेक्स. २०१० मध्ये निकाल आला. २,४९९ सहभागी, समलिंगी पुरुष आणि ट्रान्स स्त्रिया. त्यातले बहुतेक कुठले? पेरूतल्या लिमा आणि इकितोसचे, एक्वादोरच्या ग्वायाकिलचे, ब्राझीलचे. गोळी मिळालेल्या गटात लागण सरासरी ४४ टक्क्यांनी कमी झाली, पण ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं, म्हणजे ज्यांनी ते गिळलं होतं, त्यांच्यात धोका ९२ टक्क्यांच्या आसपास कमी होता. २०१२ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. आणि २०२२ च्या सीडीसीच्या हिशेबाप्रमाणे, ज्यांना प्रेपचा उपयोग होईल अशा गोऱ्या अमेरिकनांपैकी ९४ टक्क्यांच्या हाती ते लिहून दिलं गेलं होतं, लॅटिनोंपैकी फक्त २४ टक्क्यांच्या. ज्यांच्या दंडातून रक्त काढून हे ज्ञान मिळवलं, त्यांचेच भाऊबंद औषधाच्या रांगेत मागे.

का मागे? एक खोली डोळ्यांसमोर आणा. चार जण, चार गाद्या, एक कपाट. प्रेपची बाटली हलवली की वाजते. वर लेबल आहे आणि त्यावर नाव. रूममेटने ते नाव फोनवर शोधलं, तर त्याला काय सापडेल? हेच औषध एचआयव्हीवरच्या उपचारांतही वापरतात. म्हणजे लागण होऊ नये म्हणून घेतलेल्या गोळीमुळे ‘याला तो रोग आहे’ अशी बोंब उठायची. मग बाटली मोज्यात जाते, गोळ्या व्हिटॅमिनच्या डब्यात ओतल्या जातात, कामावरून यायला उशीर झाला की राहून जातात. शिकागोत ‘प्रेपाराते’ नावाची मोहीम झाली. स्पॅनिशमध्ये याचा अर्थ ‘तयार राहा’, आणि पहिल्याच अक्षरांत प्रेप लपलेलं. शब्द झकास आहे. पण मोज्यातल्या बाटलीचं काय करायचं हे पोस्टर सांगू शकत नाही. ते एखादा ‘प्रोमोतोर’ सांगतो, म्हणजे वस्तीतलाच शिकवून तयार केलेला आरोग्यसेवक, ज्याच्या स्वतःच्या मोज्यात कधीतरी अशीच बाटली होती.

आणि कागद. एचआयव्ही असलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेत प्रवेशबंदी होती हे आज विसरलं गेलंय. १९८७ पासून ४ जानेवारी २०१० पर्यंत ती टिकली. ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत एचआयव्हीची चाचणी असायची. त्या काळात ग्रीन कार्ड घेतलेल्या भारतीयांनीही ती दिलेली आहे. तेव्हाचा ‘पॉझिटिव्ह म्हणजे परत पाठवणी’ हा समज कायदा गेल्यावर लगेच जात नाही, तो चुलत्याकडून पुतण्याकडे जातो. वास्तविक १९९० पासून चालू असलेल्या रायन व्हाइट कार्यक्रमात एचआयव्ही असलेल्या गरीब माणसाला उपचार मिळतात आणि त्यासाठी नागरिकत्वाची अट नाही. पण हे काउंटरवरच्या फलकावर लिहून कुणी विश्वास ठेवत नाही. स्पॅनिशमध्ये ज्याला ‘कोन्फियान्सा’ म्हणतात तो भरवसा लागतो, आणि तो माणसावर बसतो, खात्यावर बसत नाही.

इथेच या कार्यक्रमांवरचा माझा एक आक्षेपही सांगतो. ‘संस्कृती’ हा शब्द कधी कधी फार सोयीचा होतो. विमा नाही, दिवसाची मजुरी बुडवून दवाखान्यात जाता येत नाही, दवाखाना चाळीस मैलांवर आणि गाडी चालवायचा परवाना नाही, ही सगळी अडचण ‘माचिस्मो’च्या माथी मारली की सरकारला काही करावं लागत नाही. साल्साची कार्यशाळा घेणं बससेवा सुरू करण्यापेक्षा स्वस्त पडतं. ओलासारखे कार्यक्रम यशस्वी झाले, कारण त्यांनी मनातली भीती आणि काउंटरवरचा प्रश्न एकाच बैठकीत घेतला. दुसरी अडचण म्हणजे प्रयोगात सिद्ध झालेला कार्यक्रम अनुदान संपलं की बंद पडतो. तयार झालेला नावेगान्ते पुन्हा कोंबड्यांच्या कारखान्यात जातो. २०२५ मध्ये तर ट्रम्प प्रशासनाने समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या आरोग्यावरची अनेक संशोधन अनुदानं थेट रद्द केली, सीडीसीच्या एचआयव्ही विभागातली माणसं कमी केली. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विमाधारकांना प्रेप फुकट मिळण्याची तरतूद टिकवली. विमा असलेल्यांना, हे लक्षात घ्या.

त्याच महिन्यात लेनाकापाविर या प्रेपच्या नव्या औषधाला अमेरिकेत परवानगी मिळाली. सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. त्याच्या चाचण्यांमध्येही पुन्हा पेरू, मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना होतेच. किंमत अफाट आहे आणि ती कुणाला परवडेल हा वेगळा लेख होईल. पण ज्या खोलीत चार गाद्या आणि एक कपाट आहे तिथे या औषधाचा अर्थ साधा आहे: बाटली नाही, लेबल नाही, मोजा नाही. वर्षातून दोनदा जायचं, टोचून घ्यायचं, यायचं.

उरतो तो सहा महिन्यांनी आठवण करून देणारा मेसेज. फोन गादीवर पडलेला असतो, स्क्रीन उजळते, शेजारच्याला दिसते. म्हणून शहाणा दवाखाना त्यात ना औषधाचं नाव घालतो, ना आजाराचं, ना विभागाचं. एवढंच लिहितो, ‘गुरुवारी चार वाजता वाट पाहतोय.’ कोण, कशासाठी, काही नाही. कर्ता गाळलेला. वाचणाऱ्याला बरोबर कळतं.